एक दिवसाआड अर्धी

दुकानाची पाटी रंगवून आली तेव्हा तिच्यावर ‘येथे मोठ्या अक्षरात करून मिळेल’ एवढेच होते. काय करून मिळेल, हे राहून गेले होते. मजकूर मीच लिहून दिला होता. एका दैनिकाच्या यवतमाळ कचेरीत आधी मुद्रितशोधक आणि मग उपसंपादक म्हणून एकतीस वर्षे काढल्यावर, निवृत्तीनंतर छापलेल्या पहिल्याच ओळीत चूक निघाली. शेजारचे शिंपी हनीफभाई पाटीखाली उभे राहून म्हणाले, “राहू द्या भाऊ. काय मिळते हे विचारायले तरी लोक आत येतीन.” पाटी तशीच राहिली आणि लोक खरोखर विचारायला आत आले.

काम साधे होते. ज्यांना बारीक अक्षर वाचता येईनासे झाले आहे, त्यांना हवा तो मजकूर मोठ्या अक्षरात टाइप करून, छापून, बांधून द्यायचा. पोथ्या, वंदनेची पुस्तके, फोन नंबरांच्या याद्या, पत्रे, औषधांचे कागद. पुष्कळांना वाटते की झेरॉक्स यंत्रावर कागद मोठा केला की झाले. तसे केले तर अक्षराबरोबर त्याचे फिसकटणेही मोठे होते आणि कागद मांडीवर मावत नाही. मजकूर नव्यानेच टाइप करावा लागतो. बहुतेकांना चोवीस पॉइंटचे अक्षर पुरते, काहींना तीसच्या पुढे जावे लागते. अक्षर ठळक हवे, पण फार ठळक केले तर मात्रा, रफार आणि अनुस्वार यांचा एकच काळा ठिपका होतो. एका ओळीत पाच-सहा शब्द, दोन ओळींत भरपूर जागा. कागद किंचित पिवळसर आणि बिनचमकीचा. बांधणी तारेची, म्हणजे वही सपाट पडते आणि एक हात मोकळा राहतो. उजेड खांद्यामागून यायला हवा. ज्यांची ओळ निसटते त्यांना मी काळ्या पुठ्ठ्याची पट्टी देत असे. तिला ओळीएवढी खाच असते. ती पानावर ठेवून खाली सरकवत न्यायची.

गिऱ्हाइकाला दुकानातल्या खुर्चीवर बसवून दहा मिनिटे वाचायला लावायचे, हा माझा नियम होता. पहिले मिनिट सगळेच चांगले वाचतात. चौथ्या-पाचव्या मिनिटाला मान वाकडी होऊ लागली की अक्षर दोन पॉइंटांनी वाढवायचे.

कापडाचे एक जुने व्यापारी सकाळी दहाला वर्तमानपत्र घेऊन येत. त्यांना त्यातला फक्त निधन वार्तांचा स्तंभ मोठा करून हवा असे. तो ते दुकानातच वाचत. “हा माह्याहून पाच वर्षांनी लहान होता,” ते एकदा म्हणाले. “उगाच घाई केली.” एका आजींनी नातेवाइकांच्या फोन नंबरांची वही करून घेतली आणि ती पिशवीत तळाशी ठेवली. “सुनेले सांगू नका, भाऊ. तिले वाटते मले सगळं दिसते. म्हणून ती घरात नीट वागून राह्यली.”

हसायला येत असे, पण दुकानात शिरल्यावर बहुतेक जण आधी आवाज खाली घेत. दाराकडे पाठ करून बसत. आपल्याला दिसत नाही, हे दुसऱ्या कोणाला दिसू नये, ही त्यांची मुख्य काळजी होती. ती मला तेव्हा बाहेरून समजत होती.

गेल्या वर्षी आषाढाच्या सुरुवातीला नेरहून मून मॅडम आल्या. जिल्हा परिषदेच्या निवृत्त शिक्षिका, वय चौऱ्याहत्तर. यजमान वारलेले, मुलगा पुण्याला, घरात एकट्या. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत बौद्धांचा वर्षावास असतो. या तीन महिन्यांत त्यांच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होते. एकाने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. आधी त्यांचे सासरे वाचत. ते गेल्यावर बावीस वर्षे मून मॅडम वाचत होत्या.

“मले ओळ दिसते, भाऊ,” त्या म्हणाल्या, “पण मधातला शब्द गायब रायते. मान हालवली का तो दिसते, मंग बाजूचा जाते.”

डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजला की असे होते. कडेचे दिसत राहते आणि नेमके ज्याच्याकडे पाहावे तेच जाते. त्यांना समोरच्याचे कान दिसत, चेहरा दिसत नसे.

“मागच्या वर्षी अर्धं पाठच म्हटलं मी,” त्या पुढे म्हणाल्या. “एका दिवशी दोन पानं एकदम पलटली. पाचशे शब्द तरी गेले असतीन. समोर चाळीस माणसं बसलेली. कोणीच बोललं नाई. कोणीतरी म्हणायले पाह्यजे होतं, मॅडम, चुकलं. नाई बोलले, त्याचीच भीती बसली. यंदा तसं झालं तं मी उठून जाईन आणि परत बसणार नाई.”

ग्रंथाचे मी तीस पॉइंटांत पाच भाग केले. प्रत्येक पान मुळाशी दोनदा ताडून पाहिले. त्यांना खुर्चीवर बसवले, खाचेची पट्टी दिली. त्यांनी एक परिच्छेद वाचला, थांबल्या, चष्मा पुसला आणि तोच परिच्छेद पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, “पुढचं पान द्या.” दहा मिनिटांऐवजी त्या पाऊण तास वाचत होत्या. हनीफभाई यंत्र थांबवून दारात उभे राहून ऐकत होते. या धंद्यात यापेक्षा चांगला दिवस मला आठवत नाही.

शेवटचा भाग न्यायला त्या आल्या तेव्हा वर्षावास सुरू होऊन महिना झाला होता. बस सुटायला वीस मिनिटे होती. निघता निघता त्यांनी पिशवीतून डॉक्टरांची चिठ्ठी काढली. “हेही करून देता का? गोळ्या पाकिटावरून समजत नाई आता.”

इथे धंद्यातली एक सवय सांगितली पाहिजे. घाईच्या वेळी कोणीच कोऱ्या पानापासून सुरुवात करत नाही. तसल्याच कामाची जुनी फाईल उघडायची, तिच्यावर नवा मजकूर चढवायचा आणि नव्या नावाने साठवायची. वर्तमानपत्रातली निम्मी पाने अशीच लागतात. त्यात धोका असतो. जुन्या मजकुराची एखादी ओळ खाली तशीच राहून जाते. म्हणून आमच्या कचेरीत एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने छापील प्रतीवर बोट ठेवून पाहायचे, असा शिरस्ता होता. दुकानात मी एकटा होतो.

मी आदल्या आठवड्यातल्या एका गिऱ्हाइकाची फाईल उघडली. नाव बदलले. साखरेची गोळी, रक्तदाबाची गोळी, थेंब, सगळे बदलत खाली आलो. तक्ता छापला, मुळाशी ताडून पाहिला, पुठ्ठ्यावर चिकटवला. मून मॅडम तो छातीशी धरून बसस्टँडकडे गेल्या. त्यांना बस मिळाली.

त्यानंतर नवव्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास, मी एका नेत्रतज्ज्ञांचे काम करत होतो. त्यांना रुग्णांना वाटायला चौकटींचा कागद छापून हवा होता. आलेखाच्या वहीसारख्या उभ्या-आडव्या रेघा, मध्यभागी एक काळा ठिपका आणि खाली सूचना. एक डोळा झाका, ठिपक्याकडे पाहा, रेघा वाकड्या दिसल्या किंवा एखादा भाग पुसट दिसला तर ताबडतोब डॉक्टरांकडे या. छापलेली प्रत्येक सूचना करून पाहायची, ही जुनी खोड. उजवा डोळा झाकून पाहिले. ठिपक्याच्या उजवीकडे रेघा आत दबलेल्या होत्या आणि तिथल्या काही चौकटी नव्हत्याच.

मला वाटले, प्रिंटर बिघडला. शाईचे नळकांडे काढून हलवले. पुन्हा छापले. तेच. कागद बदलला. तेच. नळकांडेच नवे घातले आणि आणखी चार प्रती काढल्या. चारही प्रतींत रेघा त्याच जागी वाकलेल्या होत्या. तरीही डोक्यात यंत्राचेच आले. प्रती घेऊन हनीफभाईंकडे गेलो.

“रेघा कुठे वाकल्यात सांगा. कंपनीला दाखवायचं आहे.”

त्यांनी लाकडी पट्टी लावून एकेक रेघ पाहिली. “कुठंच नाई, भाऊ. एकदम सिध्या हायेत.”

“नीट पाहा.”

“कपडा कापतो मी. सिधी लाईन मले समजते.” मग ते माझ्या तोंडाकडे पाहू लागले. उजवा डोळा मी अजून हाताने झाकून धरला होता.

मी दुकानात परत येऊन बसलो. दोन्ही डोळ्यांनी पाहिले की कागद पूर्ण दिसत होता. जो भाग डावा डोळा दाखवत नव्हता तो उजवा भरून काढत होता, आणि दोघांना मिळून जे दिसत नसेल ते डोके भरून काढत असणार. गिऱ्हाइकांना हे मी कितीदा समजावून सांगितले होते. अंध होण्याची भीती नंतर आली. त्याआधी दुसरीच आली. हे कधीपासून आहे? आणि या डोळ्यांनी तपासून मी काय काय लोकांच्या हातात दिले आहे?

प्रत्येक मूळ कागदाचा फोनमध्ये फोटो काढून ठेवायची माझी पद्धत होती. हनीफभाईंना बोलावले. त्यांनी फोटो मोठा करून मोठ्याने वाचायचे आणि मी डावा डोळा झाकून पडद्यावरच्या फाईलीत पाहायचे, असे ठरले. त्यांनी हातातला ब्लाऊज बाजूला ठेवला. मापे सांगावीत तसे ते सुटे सुटे वाचत होते. पोथ्या आणि याद्या सोडून आधी औषधांचे कागद काढले. पहिले दोन बरोबर होते. तिसरा मून मॅडमचा.

“साखरेची. सकाळी. एक,” हनीफभाई म्हणाले.

“बरोबर.”

“रक्तदाबाची. सकाळी. एक.”

“बरोबर.”

“रक्त पातळ करायची. रात्री. एक दिवसाआड. अर्धी.”

पडद्यावर होते: रात्री, रोज, एक.

“परत वाचा.”

“एक दिवसाआड. अर्धी.”

आदल्या फाईलीतल्या गिऱ्हाइकाची तीच गोळी होती. नाव तेच, म्हणून बदलताना हात पुढे गेला. मात्रा मात्र त्या गिऱ्हाइकाची वेगळी होती आणि ती जशीच्या तशी राहिली. तपासताना ती ओळ माझ्या डोळ्यांपुढे होती आणि मला तिथे योग्य तेच दिसले होते. दोन दिवसांत अर्धी गोळी घ्यायची, त्या जागी दोन दिवसांत दोन. चौपट. रक्त पातळ करणारी गोळी जास्त झाली की शरीरात कुठेही रक्तस्राव सुरू होऊ शकतो, पोटात होऊ शकतो, डोक्यात होऊ शकतो. आरोग्याच्या पुरवणीत ही माहिती मीच दोनदा छापली होती.

नऊ रात्री झाल्या होत्या. दहावी गोळी त्या रात्री जेवणानंतर होती.

त्यांचा फोन वाजत राहिला, कोणी उचलला नाही. पाच वेळा लावला. नेरमधला दुसरा कोणाचा नंबर माझ्याकडे नव्हता. हनीफभाई म्हणाले, “फोनवर कायले बसता? बस पकडा. दुकान मी पाह्यतो.”

यवतमाळहून नेर तासाभराच्या आतले अंतर आहे. त्या दिवशी बस लाडखेडजवळ ट्रॅक्टरमागे अडकली. मी खिडकीशी बसून एक डोळा झाकत होतो आणि उघडत होतो. विजेच्या खांबाकडे पाहिले की खांबाचा मधला तुकडा नाहीसा होई. समोरच्या बाकावरची बाई वळून पाहू लागली, तेव्हा थांबलो.

घराला कुलूप होते. शेजारची बाई तांदूळ निवडत बसली होती. तिला विचारले.

“मॅडम विहारात गेल्या,” ती म्हणाली. “आज लवकर गेल्या. फोन घरीच असन. त्यायले दिसत नाई तं सोबत नेतच नाई.”

“तब्येत बरी आहे ना त्यांची?”

“बरीच हाय. थोड्या थकल्यासारख्या वाटतात. वाचून वाचून असन.”

विहारात मून मॅडम खिडकीपाशी ग्रंथाचा चौथा भाग उघडून बसल्या होत्या. संध्याकाळची पाने त्या आधी एकदा वाचून ठेवत. पायांच्या आवाजावरून कोणी आले हे त्यांना कळले, कोण ते बोलल्यावर कळले.

“भाऊ, तुम्ही? ऐकायले आले का?” त्या खूष झाल्या. पट्टी धरलेला हात त्यांनी वर केला तेव्हा पदर सरकला. कोपरापासून मनगटापर्यंत निळे-जांभळे डाग होते. दुसऱ्या हातावरही.

“हे काय झालं?”

“काय?” त्यांनी हात डोळ्यांच्या कडेला नेऊन पाहिला. “आदयली असन कुठं. दाराले, पलंगाले. डोये गेले का माणूस आदयतेच.”

“दुखलं होतं का आदळल्यावर?”

त्यांनी जरा विचार केला. “ध्यानात नाई.”

“आणखी काही होतंय?”

“दात घासताना रक्त येते. तीन दिवस झाले. ब्रश नवा हाय.”

त्यांच्याजवळ सगळ्याचे उत्तर तयार होते आणि प्रत्येक उत्तरात डोळे होते. ज्याला दिसत नाही त्याला लागतेच, ज्याला दिसत नाही त्याचा ब्रश हिरड्यांत जातोच. डोळ्यांच्या भीतीआड दुसरे काही उभे असेल, हे त्यांच्या मनात आले नव्हते. मी म्हणालो, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायचे आहे.

“सात वाजता वाचन हाय. लोकं येऊन राह्यले. अर्ध्या घंट्याचं काम, मंग जाऊ.”

तोवर पाच-सहा बाया पांढऱ्या साड्यांत येऊन बसल्या होत्या. त्यांच्यादेखत सांगावे लागले. “मॅडम, गोळ्यांच्या कागदात चूक झाली आहे. माझी. तुमची गोळी एक दिवसाआड अर्धी होती. मी रोज एक छापली. माझ्या डोळ्यांत दोष निघाला आहे. मला आज दुपारी कळलं.”

त्यांनी पदर पुन्हा हातांवर ओढला. मग शिक्षिकेच्या आवाजात विचारले, “किती दिवस?”

“नऊ.”

“नऊ गोया.” त्यांनी पट्टी पानात ठेवली, वही मिटली आणि पुढे बसलेल्या एका बाईला हाक मारली. “सुनंदा, आज तू वाच.”

“मी, मॅडम? मले नाई जमत तुमच्यासारखं.”

“जमते. अक्षर मोठं हाय.”

त्या उठल्या तेव्हा मी त्यांचा हात धरला. डागांवर बोटे पडू नयेत म्हणून कुठे धरावे ते कळेना. बावीस वर्षांत त्यांनी वाचन दुसऱ्याकडे दिल्याचा तो पहिला दिवस होता. हे त्यांनी मला रिक्षात सांगितले आणि मग म्हणाल्या, “डोकं दुखून राह्यलं थोडं. दुपारपासून.”

पुढचा तास मला क्रमाने आठवत नाही. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी तक्ता मागितला. मॅडमच्या घरून आणलेला तो पुठ्ठा त्यांनी उजेडात धरला आणि म्हणाले, “वा, फारच छान केलाय. किती स्वच्छ अक्षर आहे. सगळ्या पेशंटना असाच द्यायला पाहिजे.” मग त्यांची नजर तिसऱ्या ओळीवर आली. त्यांनी हात तपासले, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि कोणाला तरी फोन लावला. रक्त तपासायला गेले. रक्ताच्या पातळपणाचा आकडा जेवढा असावा त्याच्या दुपटीहून अधिक आला. इंजेक्शन देऊन त्यांना यवतमाळला हलवले. डोक्याचा फोटो काढला. तो येईपर्यंत मी बाहेरच्या बाकावर होतो. डोक्यात रक्तस्राव नव्हता. डॉक्टरांनी एवढेच सांगितले की आणखी चार-पाच दिवस गेले असते तर त्यांना काहीच सांगता आले नसते.

त्यांचा मुलगा पुण्याहून आला. त्याने मला काही विचारले नाही. आईला विचारले, “आई, तुला रोज गोळी घेताना शंका नाही आली?”

“अक्षर एवढं मोठं होतं,” मून मॅडम म्हणाल्या. “मले वाटलं, एवढं मोठं लेह्यणाऱ्यानं नीट पाहूनच लेह्यलं असन.”

तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो तेव्हा मुलगा औषधे आणायला खाली गेला होता. डाग पिवळे पडू लागले होते. मी माफीचे वाक्य जुळवून नेले होते. त्यांनी ते अर्ध्यात थांबवले.

“डॉक्टरले दाखवला का डोया?”

“दाखवला. डावा. इंजेक्शनं घ्यावी लागतील. आहे तेवढं टिकेल म्हणतात. गेलेलं येणार नाही.”

“माह्यासारखंच.”

“हो.”

“भेव वाटते?”

“वाटतं.”

त्यांनी मान हलवली. मग विचारले, “बाकीच्यायले सांगतलं का?”

मी सांगितले नव्हते. तोवर हनीफभाईंबरोबर बाकीच्या फाईली पाहून झाल्या होत्या. आणखी एकाच कागदात चूक निघाली, तीही घातक नव्हती, कॅल्शियमची गोळी दुपारच्या ऐवजी सकाळी पडली होती. घाईत काही कामांचे फोटो काढायचे राहून गेले होते, पण ते बरोबरच असणार, असे मी स्वतःला पटवले होते. बहुतेकांच्या घरी मुले-सुना आहेत, कोणीतरी पाहतच असेल, असेही म्हणून पाहिले. तसे मी त्यांना सांगितले.

“त्याईच्या घरी पाह्यणारं कोणी असतं,” मून मॅडम म्हणाल्या, “तं ते तुमच्याकडे कायले आले असते?”

वर्तमानपत्रात चूक झाली की दुसऱ्या दिवशी खुलासा छापतात. तो आतल्या पानावर, तळाशी, सर्वांत लहान टाइपात असतो. असे कित्येक खुलासे मी स्वतः तिथे बसवले आहेत आणि ते कमीत कमी लोकांना दिसावेत याची काळजीही घेतली आहे. त्या दिवशी दुकानात येऊन मी शटरच्या उंचीचा कागद जोडला आणि हाताएवढ्या अक्षरांत छापले: ‘येथून नेलेला औषधांचा प्रत्येक कागद परत आणा. दुकानदाराच्या नजरेत दोष आहे. कागदात चूक असू शकते. तोवर डॉक्टरांच्या मूळ चिठ्ठीप्रमाणेच औषध घ्या.’ हनीफभाईंनी मजकूर मुळाशी ताडून मोठ्याने वाचला. “धंदा बसन, भाऊ,” ते म्हणाले आणि चिकटपट्टीचे दुसरे टोक धरले.

ज्यांचे नंबर होते त्यांना फोन केले. औषधांचे एकूण एकोणीस कागद बाहेर होते. लोक आठवडाभर येत होते. कापडाच्या व्यापाऱ्यांनी आपला गोळ्यांचा कागद पुढे केला आणि विचारले, “मी अजून जिवंत हाय, म्हणजे बरोबर असन ना?” सुनेपासून वही लपवणाऱ्या आजी सुनेलाच घेऊन आल्या. दोन बायांनी कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि नवा न घेता निघून गेल्या. त्यांचे बरोबर होते. सतरा कागद परत आले. अठरावे गिऱ्हाईक वारले होते. मी मुलाला विचारले, कशाने. तो म्हणाला, वय झाले होते. त्यांचा कागद हनीफभाईंनी मला तीनदा वाचून दाखवला. बरोबर होता. चौथ्यांदाही मी वाचून घेतला.

मून मॅडम भाद्रपदात विहारात परतल्या. आता आठवड्यातले चार दिवस त्या वाचतात आणि तीन दिवस सुनंदा. त्यांच्या गोळ्यांचा नवा कागद मी केला, हनीफभाईंनी वाचला आणि औषधांच्या दुकानदाराने त्यावर सही केली. आता कोणताही कागद तिघांच्या नजरेखालून गेल्याशिवाय दुकानाबाहेर जात नाही. काम कमी झाले आहे. मी स्वतः अठ्ठावीस पॉइंटात वाचतो, उजवा डोळा रोज सकाळी चौकटींच्या कागदावर तपासतो, आणि तपासण्याआधी काही वेळ तो कागद उलटा ठेवून बसतो.

एकोणिसावा कागद एका आजोबांचा आहे. उन्हाळ्याच्या शेवटी ते केळापूरकडून आले होते. बरोबर कोणी नव्हते. बायकोला इन्सुलिन ते स्वतः टोचतात, सिरिंजवरचे आकडे दिसतात पण चिठ्ठीवरचे दिसत नाहीत, असे म्हणाले होते. फाईलीत त्यांचे नाव नुसते ‘आबाजी’ असे आहे. फोन नंबर नाही. त्या दिवशी मूळ चिठ्ठीचा फोटो काढायचा राहिला, म्हणून मी छापलेले आकडे बरोबर आहेत की जुन्या फाईलीतले आहेत, हे सांगायला माझ्याकडे काहीही साधन नाही. केळापूरला दोनदा आणि पांढरकवड्याला तीनदा जाऊन आलो. औषधांच्या दुकानांत विचारले, बाजाराच्या दिवशी उभा राहिलो. आबाजी नावाची चार माणसे भेटली. त्यांतले कोणी ते नव्हते.

तो कागद पिवळसर आहे, पुठ्ठ्यावर चिकटवलेला. सकाळच्या रकान्यावर सूर्याचे आणि रात्रीच्या रकान्यावर चंद्राचे चित्र आहे. हे मी ज्या अंकासाठी लिहितो आहे त्याचा टाइप त्या आजोबांना वाचता येणार नाही, हे मला माहीत आहे. ज्यांना वाचता येतो, त्यांनी त्या भागात कोणाच्या भिंतीवर असा कागद दिसला तर तो आधी खाली उतरवावा आणि डॉक्टरांची मूळ चिठ्ठी शोधून त्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवावी.